वाचनालयासमोरचा वळसा

आमच्या ह्यांचं सिलिकॉनवर जेवढं प्रेम आहे, तेवढं माझ्यावर असतं तर मी आज कुठल्या कुठे असते. हे पालिकेच्या रस्ते विभागात इंजिनियर आहेत. काही वर्षांपूर्वी कुठल्याशा प्रदर्शनाला गेले आणि परत आले ते सिलिकॉनचे होऊनच. तेव्हापासून आमच्या घरात एकही फट उघडी राहिलेली नाही. न्हाणीघराच्या कडा, खिडक्यांच्या चौकटी, बेसिनचा काठ, सगळीकडे यांनी स्वतःच्या हाताने ती पांढरी नळी पिळलेली आहे. ते सुकेपर्यंत घरभर व्हिनेगरचा वास येतो आणि पाहुणे हळूच विचारतात, काही नासलंय का. डब्यांची झाकणं सिलिकॉनची, उलथनं सिलिकॉनचं, केकचा साचा सिलिकॉनचा. केक मी वर्षातून एकदा करते आणि तो दरवेळी बिघडतो. पण साच्यातून सुटतो मात्र छान, हे ते न विसरता सांगतात.

ऊन लागलं तरी विटत नाही, पाण्यात राहिलं तरी कुजत नाही, थंडीत तडकत नाही, उकाड्यात वितळत नाही, हे त्यांचं पाठांतर मी झोपेतसुद्धा म्हणून दाखवीन. नवऱ्यात इतके गुण सापडले असते तर मी कशाला तक्रार केली असती?

तसं मलाही सिलिकॉन नवीन नाही. मी दातांच्या दवाखान्यात काम करते. कवळीसाठी आम्ही पेशंटच्या तोंडाचा जो ठसा घेतो, तो सिलिकॉनचाच असतो. समोर जे असेल ते तो जसंच्या तसं उचलतो. ठसा घेताना पेशंटने जबडा जरा हलवला, तर ते हलणंसुद्धा उचलतो, आणि मग त्याबरहुकूम बनलेली कवळी पेशंटला जन्मभर टोचते. म्हणून आम्ही त्यांना दरडावून सांगतो, हलू नका. पालिकेत असं दरडावणारं कोणी नसतं.

माझी ताई आमच्याकडेच राहते. ऐन उमेदीत तिची नजर हळूहळू गेली. तिने रडून घेतलं, चिडून घेतलं, पांढरी काठी वापरायला शिकली आणि पालिकेच्या तक्रार केंद्रात टेलिफोनवर नोकरीला लागली. गटार तुंबलं, दिवा गेला, नळाला पाणी नाही, हे सगळं आधी ताईच्या कानावर पडतं. घरापासून कचेरीपर्यंत ती एकटी चालत जाते. हे एकटीने जाणं हेच तिचं सगळं काही. पगार चुकला तर ती एकवेळ गप्प बसेल, पण कोणी न विचारता तिचं कोपर धरलं तर त्याची धडगत नाही. पूर्वी तिच्या खुणा ठरलेल्या होत्या. हलणारी फरशी, मग बेकरीचा वास, मग गटाराची जाळी, मग वाचनालयाच्या भिंतीचा गारवा. उखडलेला फुटपाथ तिला तोंडपाठ होता.

मग आमच्या ह्यांनी तो सुधारला.

योजना चांगली होती, हे मी कबूल करते, कारण नाही केलं तर ताईच मला ओरडेल. फुटपाथ गुळगुळीत करायचा आणि त्यावर सिलिकॉनची पिवळी उठावाची पट्टी चिकटवायची. लांब रेघा पायाला लागल्या की चालत राहा, गोल टिकल्या लागल्या की थांबा. सिमेंटची फरशी झिजते, तिचे तुकडे पडतात. ही पट्टी झिजत नाही, ओली झाली तरी पाय सरकत नाही, आणि तिला वीस वर्षांची हमी. ह्यांनी पहिला तुकडा घरी आणून ताईच्या पायाखाली ठेवला तेव्हा तिने चप्पल काढून त्यावर दोनदा येरझारा घातल्या.

"जावईबापू," ती म्हणाली, "हे तर पायाशी बोलतं हो."

ती त्यांना चिडवण्यासाठी जावईबापू म्हणते. त्या दिवशी मात्र चिडवत नव्हती. ह्यांचा चेहरा असा उजळला की मला लग्नातला फोटो आठवला.

उद्घाटनाच्या आदल्या संध्याकाळी आम्ही जेवायला बसलो होतो आणि ह्यांचा फोन वाजला. पट्टी चिकटवणारे मुकादम होते. सगळी पट्टी बसली होती, फक्त वाचनालयासमोरचा भाग राहिला होता, आणि नेमकं तिथेच उद्याच्या कार्यक्रमाचं स्टेज उभं राहिलं होतं. स्टेज हलवता येत नव्हतं, कारण त्यावर पडदे आणि खुर्च्या लागल्या होत्या. पट्टी अर्धवट ठेवता येत नव्हती, कारण पाहुणे तिच्यावरूनच चालत येणार होते. ह्यांनी तोंडातला घास गिळला आणि म्हणाले, "मग वळसा घालून घ्या की स्टेजला. आत्तापुरतं."

आत्तापुरतं हा शब्द मुकादमांनी ऐकला असेल, सिलिकॉनने ऐकला नाही.

कार्यक्रम दणक्यात झाला. पाहुण्यांना गाडीतून उतरल्यावर पाय उचलायचे कष्ट नकोत म्हणून फुटपाथची कड तिथे फोडून उतार केला होता. ह्यांनी सिलिकॉनच्या फायद्यांवर भाषण केलं, ते मी मागच्या रांगेत बसून त्यांच्याबरोबर ओठ हलवत ऐकलं. टाळ्या झाल्या, फोटो झाले. दुसऱ्या दिवशी स्टेज गेलं. उतार राहिला, आणि पट्टीही राहिली. वाचनालयापर्यंत सुतासारखी सरळ, मग एकदम रस्त्याकडे वळलेली, त्या उताराच्या तोंडावरून गेलेली, आणि पुढे पुन्हा आत येऊन सरळ. मधे मोकळा फुटपाथ. स्टेजचा ठसा घेतला होता म्हणा ना, आणि पेशंट तर उठून घरी गेला होता.

एका संध्याकाळी ताईने जेवताना विचारलं, "जावईबापू, वाचनालयासमोर काय बांधलंय हो?"

"काही नाही, ताई."

"झाड आहे का?"

"नाही."

"पुतळा?"

"नाही हो."

"मग मी रोज वळते कशाला?"

ह्यांनी पाण्याचा पेला उचलला आणि बराच वेळ पाणी पीत राहिले. मी कपाळाला हात लावला. "बघतो," ते शेवटी म्हणाले. पालिकेत 'बघतो' म्हणजे काय हे ताईला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. दिवसभर ती लोकांना तेच सांगत असते.

"तू वळू नकोस ना तिथे," मी म्हटलं. "सरळ जात जा."

"अगं, मला काय कळणार वळण खरं कुठलं आणि खोटं कुठलं? आज तिथे काही नाही. उद्या कोणी खड्डा खणला आणि खड्ड्यापायीच पट्टी वळवली तर? पट्टी सांगते ते ऐकायचं, नाहीतर पट्टी हवी कशाला?"

बघण्यात दिवस गेले. फुटपाथवर चढायला असा आयता उतार मिळाल्यावर स्कूटरवाले काय तो सोडतात? सिग्नल टाळायला तिथून वर चढायचं आणि पुढे खाली उतरायचं, अशी त्यांची नवी वाट पडली. एका सकाळी एक स्कूटर वर चढली आणि ताई पट्टी सांगेल तशी अगदी बरोबर चालत तिच्यासमोर आली. स्कूटरवाला ओरडला, "दिसत नाही का?" ताई पडल्या पडल्या म्हणाली, "नाही." मनगट मोडलं होतं. दवाखान्यात प्लास्टर घालताना तिने हूं की चूं केलं नाही. पण ह्यांनी सांगितलं की उद्यापासून कचेरीची गाडी तुम्हाला न्यायला येईल, एकटं जायचं नाही, तेव्हा तिने भिंतीकडे तोंड केलं आणि रडली. मी तिचा पाय धरून पलंगावर बसून राहिले. नवऱ्याचा इतका राग मला कधी आला नव्हता.

तो त्यांना ऐकवायला मी काही कमी केलं नाही. "काढून टाका ना तेवढा तुकडा," मी म्हटलं.

"अगं, काढली तर हमी जाते. सबंध पट्टीची."

"कसली हमी?"

"वीस वर्षं जागची हलणार नाही याची."

"तेच तर दुखणं आहे."

यावर ते म्हणाले की मला तांत्रिक बाजू कळत नाही. खरी बाजू मला चांगली कळत होती. पट्टी काढायची तर मोठ्या साहेबांची मंजुरी लागणार, मंजुरीसाठी चूक झाली असं म्हणावं लागणार, आणि दुसऱ्या शहरांतले लोक तर आमची पट्टी बघायला येत होते. आदर्श योजनेत चूक कशी असेल? ह्यांच्या तोंडून शब्द फुटेना. माणूस वाईट नाही, पण साहेबांसमोर त्याचा आवाज बसतो.

ताई गाडीतून कचेरीत जाऊ लागली. ड्रायव्हर सज्जन होता, दार उघडायचा, कोपर धरायचा. चौथ्या की पाचव्या दिवशी तिने कचेरीत स्वतःची तक्रार स्वतःच नोंदवली. शेजारच्या टेबलावरची बाई मला नंतर सांगत होती. ताईने कानाला फोन लावला, नेहमीच्या मंजुळ आवाजात म्हणाली, "नमस्कार, तक्रार केंद्र, बोला," आणि मग जरा जाड आवाजात बोलू लागली. पत्ता विचारला, पत्ता दिला. "आपली गैरसोय झाली त्याबद्दल दिलगीर आहोत," असंही स्वतःला म्हणाली, कारण ते म्हणावंच लागतं.

तक्रार गेली ह्यांच्या टेबलावर. ह्यांनी उत्तर दिलं, "सदर पट्टी जागेवरील परिस्थितीनुसार बसविण्यात आली आहे. परिस्थिती नंतर बदलली, त्यास विभाग जबाबदार नाही."

नियम असा की उत्तर आलं की तक्रार केंद्राने तक्रारदाराला विचारायचं, आपलं समाधान झालं का. ताईने स्वतःला विचारलं आणि नाही म्हणाली. नाही म्हटलं की तक्रार पुन्हा उघडते. पुन्हा ह्यांच्या टेबलावर. ह्यांचं पुन्हा उत्तर, या वेळी हमीबद्दल. पुन्हा समाधान नाही. दिवसभर ही दोघं पालिकेच्या मजकुरातून भांडायची आणि संध्याकाळी एका टेबलावर जेवायची.

"ताई, भाजी वाढू का?" हे विचारायचे.

"वाढा. समाधान नाही झालेलं."

हसू यायचं मला, आणि लगेच तिच्या प्लास्टरकडे बघून ते जायचं. ह्यांना जेवण जाईनासं झालं होतं. हे मात्र बरं झालं.

इतक्या वेळा उघडलेली तक्रार आपोआप वर जाते. ती मोठ्या साहेबांपर्यंत गेली आणि साहेबांनी जाहीर केलं की मी स्वतः जागेवर येऊन पाहणी करणार. मला वाटलं, सुटलो. साहेबांना डोळे आहेत, मोकळ्या जागेला घातलेला वळसा त्यांना दिसेल, ते दोन शिव्या देतील आणि प्रकरण संपेल.

साहेब येणार म्हणजे साहेब नुसते कसे येणार? पाहणी असली तरी चार शब्द बोलणार, चार शब्द बोलायचे तर माईक हवा, माईक म्हटला की स्टेज आलं. आणि स्टेज कुठे घालायचं? स्टेजवाल्याने मागच्या वेळी खांबांसाठी पाडलेली भोकं अजून तशीच होती. त्याने ती शोधली आणि खांब ठोकले. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी विचारलंही नव्हतं.

सकाळी मी ताईला घेऊन पोचले तेव्हा स्टेज उभं होतं, पडद्यांसकट, आणि पट्टी त्याच्या कडेने अशी शिस्तीत वळली होती की मापाने शिवलेली वाटावी. मी ह्यांच्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. ताईने काठी पुढे केली, ती फळ्यांवर आपटली. तिने हाताने पडदा चाचपला आणि म्हणाली, "अगंबाई, आलं का हे परत?"

साहेब आले. उतारावरून पाय न उचलता वर आले. पट्टीवरून संथपणे चालत गेले, स्टेजला वळसा घातला, पलीकडे पोचले, परत आले. सोबतच्या लोकांनीही वळसा घातला.

"मला तर यात काहीच चूक दिसत नाही," साहेब माईकवर म्हणाले. "मधे अडथळा आहे आणि पट्टी त्या अडथळ्याला टाळून जाते. पट्टीचं कामच ते आहे. उलट सरळ गेली असती तर अपघात झाला असता." टाळ्या पडल्या. मग ते ताईकडे वळले. "काय मॅडम, आता झालं ना समाधान?"

ह्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. मी मनात म्हटलं, बोला हो, आज तरी बोला. बोलले नाहीत.

ताईने विचारलं, "साहेब, हे स्टेज कधीपर्यंत आहे?"

"आता कार्यक्रम झाला की निघेल ना."

"बरं," ताई म्हणाली. काठीने तिने पायरी शोधली, प्लास्टरचा हात छातीशी धरून वर चढली, चाचपत मधल्या खुर्चीपर्यंत गेली आणि बसली. ती साहेबांची खुर्ची होती, मखमली अभ्र्याची.

"मॅडम, कार्यक्रम संपला."

"हो ना. म्हणून तर बसले. हे आहे तोवर पट्टी बरोबर आहे, असं तुम्हीच म्हणालात. मी उठले की हे लोक स्टेज काढणार, आणि मग मी पुन्हा त्या स्कूटरींपुढे जाणार. मी काही उठत नाही."

"तुम्हाला गाडी दिली आहे ना?"

"गाडी नको मला," ताई म्हणाली, आणि इतका वेळ स्थिर असलेला तिचा आवाज फाटला. "मला चालता येतं. माझं तेवढंच उरलंय, ते कशाला काढून घेता?"

साहेबांनी घड्याळ पाहिलं. स्टेजवाल्याची माणसं पडदे सोडायला आली होती, ती दोऱ्या हातात धरून उभी राहिली.

तेवढ्यात आमचे हे हलले. बाजूला टेबलावर त्यांनी पाहुण्यांना दाखवायला पट्टीचे नमुने मांडून ठेवले होते, आणि पट्टी किती चिवट आहे ते कापून दाखवायला एक कटर. तो कटर उचलून ते वळणाच्या सुरुवातीला गेले आणि इस्त्रीच्या पँटीसकट गुडघ्यांवर बसले. पात्याने पट्टीची कड उचकटायला सुरुवात केली.

"अहो, काय करताय हे?" साहेब म्हणाले. "हमी जाईल."

"गेली, साहेब," हे मान वर न करता म्हणाले. "चूक माझी आहे. वळसा मी घालायला सांगितला होता. फोनवर, जेवता जेवता."

साहेबांचा चेहरा मी पाहिला नाही, कारण तोपर्यंत मीही ह्यांच्या शेजारी खाली बसले होते. साहेब कार्यक्रम संपल्याचं सांगून निघून गेले, एवढं कानावर आलं. माझ्या रागाचं काय झालं कोण जाणे. हे कापायचे, मी सुटलेलं टोक दोन्ही हातांनी ओढून धरायचे.

सिलिकॉनचे सगळे फायदे खरे आहेत, हे त्या दिवशी माझ्या हातांना पटलं. बोटभर सुटायचं आणि तुटायचं. ओढलं तर ताणायचं, सोडलं तर परत जागेवर बसायचं. उन्हाचा त्याच्यावर काही परिणाम झाला नाही, आमच्यावर झाला. ह्यांच्या तळहाताला फोड आले, माझी दोन नखं गेली. येणारे जाणारे थांबून बघायचे आणि पालिकेचं काम कसं कूर्मगतीने चालतं यावर मत देऊन पुढे जायचे. एका भल्या माणसाने विचारलं, एवढी चांगली पट्टी का काढताय? आयुष्यात पहिल्यांदाच कोणी सिलिकॉनला चांगलं म्हटलं आणि हे गप्प राहिले. ताई वर खुर्चीत बसून सगळं ऐकत होती. स्टेजवाल्याच्या माणसांनी तिला पाणी दिलं आणि ती माणसं तिच्याभोवतालचं एकेक सामान उतरवत राहिली.

दुपार कलली तेव्हा सबंध वळण निघालं होतं. जमिनीवर पुसट पिवळा थर तेवढा राहिला. तो खरवडूनही जाईना. हे उठून ताईपाशी गेले.

"ताई, वाकडा भाग काढला," ते म्हणाले. "पण खरं सांगतो, तुमचं पूर्ण काम झालेलं नाही. मधे सरळ पट्टी बसवायला मंजुरी लागेल, ती आता मला कोणी देणार नाही. उद्या बहुतेक नोटीसच येईल. स्टेजच्या जागी काहीच नाही राहणार. वाचनालयाच्या सुरुवातीला पट्टी संपते, ती एकदम पलीकडे सुरू होते. मधल्या जागेत तुम्हाला सांगायला काहीच नाही."

"म्हणजे तिथे पट्टी नाही."

"नाही."

"पट्टी नसली तरी चालेल मला, जावईबापू," ताई म्हणाली. "खोटी नको."

ह्यांनी मान खाली घातली. ताईने हात पुढे केला, चाचपत त्यांच्या खांद्यावर ठेवला, आणि त्यांचा आधार घेऊन पायऱ्या उतरली. माणसांनी शेवटची खुर्ची आणि फळ्या उचलल्या. कचेरीकडून येणारी पट्टी जिथे संपत होती तिथे ती जाऊन उभी राहिली. तिने खांद्यावरचा हात काढला, काठी पुढे घेतली आणि त्या मोकळ्या जागेत पाऊल टाकलं.

मी पुढे सरसावले. ह्यांनी माझं मनगट धरलं. "थांब," ते म्हणाले.

ती हळू चालत होती. काठी डावीकडे वाचनालयाच्या भिंतीला लागत होती, उजवीकडे नुसती हवा. एकदा ती थांबली, मान तिरकी करून तिने रस्त्याचा आवाज कुठून येतोय ते ऐकलं, आणि पुन्हा निघाली. मग तिचा पाय पलीकडच्या रेघांवर पडला. ते तिच्या पाठीवरूनच कळलं, तिचे खांदे खाली आले आणि चाल एकदम मोठी झाली. आम्ही मागे आहोत का, हे तिने वळून विचारलं नाही. ती घरी गेली.